माहितीपटवाल्यांची चौकशी

वीस वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढल्यावर माणूस वाढदिवसाच्या शुभेच्छाही दोन सूत्रांकडून खातरजमा करून मगच स्वीकारतो. त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या घरी माहितीपट करायला तिघं आले, तेव्हा आनंद झाला तो फक्त बाबांना.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. नागपुरातल्या आमच्या गल्लीत घरोघर हातमाग होते. आता एक उरला आहे, आमच्या पुढच्या खोलीत. त्यावर करवतीच्या दात्यांसारख्या काठाचं एक करवतकाठी लुगडं चढलेलं होतं. गुडघे साथ देत नसल्याने हे शेवटचं, असं बाबांनी जाहीर केलं होतं. हातभर विणायचं राहिलं होतं, आणि तेवढं कॅमेऱ्यासमोर विणायचं म्हणून त्यांनी काम थांबवून ठेवलं होतं.

मला प्रश्न पडला : हे लोक कुठल्या वाहिनीचे नाहीत, कोणी त्यांना पाठवलेलं नाही, मग येतात कशाला? पहिल्याच चहाला मी तिघांची पार्श्वभूमी काढून घेतली. दिग्दर्शिका रेवती, वय चाळिशीच्या आसपास, मूळची उमरेडची. आठ वर्षं खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाचे नमुने तपासत होती. कॅमेरेवाला संजू जरीपटक्यात लग्नांचं शूटिंग करायचा. आवाज टिपणारा फिरोज आधी श्रवणयंत्रं विकायचा. कोळसा, वरात आणि बहिरेपणा! असे तिघं एकत्र येतात ते फक्त पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात.

"बाबा, मले हे लोक बरोबर वाटून नाही राहिले."

"काहून? काय चोरून नेतीन? माग? चौघं लागतेत गा त्याले उचलाले."

"काठाचा नमुना नेतीन."

"नेऊ दे. कोणी वापरीन तरी."

मी चौकशी सुरू केली. संजू आणि फिरोज लवकर सुटले. (संजूने आजवर एकाही लग्नात जेवल्याशिवाय कॅमेरा सुरू केलेला नाही, एवढंच आक्षेपार्ह सापडलं.) उरली रेवती. पक्की नोकरी सोडणारा माणूस नागपुरात आपोआप संशयित होतो. मी उमरेडला तीन फोन केले, खापरखेड्याच्या वसाहतीत दोन आणि भिवापूरला तिच्या मावशीच्या शेजारी एक. प्रश्न नेमके होते. मुलगी कशी आहे? घरचे लोक कसे? नोकरी का सोडली? लग्न झालंय का? (घर कोण चालवतं हे कळायला शेवटचा प्रश्न आवश्यक होता. लग्न झालेलं नव्हतं.) सहाही जणांनी फार उत्साहाने उत्तरं दिली. इतका उत्साह संशयास्पद असतो. नेमका तिथेच मला संशय आला नाही.

आमच्या विणकर समाजात या प्रश्नांचा अर्थ एकच होतो. आणि ते विचारणारा मी, त्रेचाळीस वर्षांचा, अविवाहित.

शूटिंगच्या दिवशी सकाळी नऊ वाजता दार वाजलं. दारात रेवतीचे मामा, उमरेडहून आलेले, हातात नारळ.

"फोनवाले तुम्हीच का?"

"हो, पण ती फक्त खातरजमा होती."

"दोन ठिकाणी विचारलं तं चौकशी म्हणतेत, बापा. सहा ठिकाणी विचारल्यावर हळदच भिजवा लागते." मामा खुर्चीत बसले. "आता आमची बारी. तुमच्या हापिसात विचारलं मी. एक जण म्हणे, माणूस सज्जन आहे. पण त्यानं मेव्हणा गेल्याचं सांगून सुट्टी मागितली, तं तुम्ही विचारलं म्हणे, कोणाच्या हवाल्यानं?"

ते खरं होतं.

तेवढ्यात रेवती तिच्या दोघांसह दारात आली. तिने नारळ पाहिला, मामा पाहिले, मग मला पाहिलं.

"सर, मी नोकरी काहून सोडली हे मलेच विचारलं असतं तं मिनिटात सांगितलं असतं. माह्या आजीचा माग मोडला, त्या दिवशी मी कोळसा तपासून राहिली होती. त्याचा एक फोटो नाही आमच्याकडे." मग ती मागे वळली. "संजू, सामान गाडीत ठेव."

मागावरचं ते हातभर कापड आता कुणीही पाहणार नव्हतं. बाबा गुडघे धरत उठले.

"बाई, तू काम कर. याले बाहेर बसवतो मी."

त्यांनी मला माझ्याच घरातून बाहेर काढून आतून कडी लावली. मामाही माझ्याबरोबर ओट्यावर आले. स्थळ त्यांनी एव्हाना नापसंत केलं होतं. नारळ मात्र मांडीवर घट्ट धरून होते. आत धोट्याची खटखट सुरू झाली. फिरोजने खिडकीतून डोकं काढलं.

"भाऊ, तुमचा श्वास येऊन राहिला आवाजात. जरा नळापर्यंत जा ना."

मी गल्लीच्या टोकाच्या नळापर्यंत गेलो. दुपारपर्यंत तिथेच होतो. लुगडं पुरं झालं.

माहितीपट यंदा इथल्याच एका सभागृहात दाखवला. शेवटी रेवती विचारते, "बाबाजी, हे काम घरात कोणी शिकलं नाही?" बाबा कापडावरून हात फिरवत म्हणतात, "एक पोरगा आहे. पण त्याले उसवता येते फक्त."

सभागृह बराच वेळ हसत होतं. संकलनात ते वाक्य सहज गाळता आलं असतं. रेवतीने ते दोनदा ठेवलं आहे; दुसऱ्यांदा नामावलीच्या आधी, काळ्या पडद्यावर, मोठ्या अक्षरांत.