खलनायकाचं मरण

वडशाच्या एका नाटक कंपनीसाठी रेकॉर्डिंगची कॉपी काढणारा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला. झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं, म्हणून फाइल अवाढव्य. दोन जीबी ओलांडले की कॉपी थांबायची आणि खलनायक मरतो तो शेवटचा अंक गायब. खलनायक करणारे भाऊ वैतागले, "काऊन जी, तुमच्या कॉम्प्युटरात मी मरूनच नाई राह्यलो?"

फाइलचा आकार छापून पाहिला, तर तो उणे. उणे आकाराचं नाटक मी जन्मात पाहिलं नव्हतं. साध्या इंटच्या, म्हणजे बत्तीस बिटांच्या, कप्प्यात एवढा आकडा मावतच नव्हता; न मावून तो उलटून उणे होत होता. मी चौसष्ट बिटांचा कप्पा दिला आणि पुन्हा कॉपी काढली.

भाऊंनी स्वतःचं मरण मागे नेऊन नेऊन पाहिलं. मग चहा मागवला आणि हळूच विचारलं, "बेस मेलो ना जी मी?"