पोळपाट तिरका झाला

नूडल्स घरीच करायच्या, असं लेकीनं ठरवलं. चार दिवसांसाठी आलेली, म्हटलं करू दे. कणीक तिनं घट्ट मळली, पोळी पातळ लाटली आणि मग विचारलं, "आई, कापायला काय आहे?"

मशीन कुठलं असायला? करंज्यांच्या कडा कापायचं पितळी कातणं काढलं आणि मीच पोळपाटाशी बसले. माझं कातणं दुसऱ्याच्या हातात द्यायला मला जिवावर येतं.

चाक सरळ फिरवत गेले. नागमोडी काठाच्या लांब पट्ट्या पडत गेल्या. शेवटची पट्टी झाली, तसा हातानं पोळपाट थोडा तिरका केला आणि त्याच पट्ट्यांवरून दुसऱ्या रेघा मारल्या. बघते तर समोर शंकरपाळी!

"अगं आई, नूडल्स करतोय ना आपण?"

मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. इतक्या दिवाळ्या त्या हातानं हेच केलेलं. पट्ट्यांपाशी थांबायचं असतं, हे त्याला माहीतच नव्हतं.

"सरक, मी कापते," म्हणत तिनं कातणं घेतलं. दुसरी पोळी लाटून पट्ट्या पाडल्या, माझ्यापेक्षा सरळच. शेवटची पट्टी झाली आणि तिचा डावा हात पोळपाटाकडे गेला. पोळपाट तिरका झाला. चाक पोळीला टेकलं, तेव्हा कुठे ती थांबली.

शंकरपाळी मी तिला एकदाही कापू दिली नव्हती. ती नुसती समोर बसून बघायची.