व्याह्यांच्या आधी पूर्णगड

माझे दाजी कुपवाडला ओतकामाचा कारखाना चालवतात. साठी उलटल्यावर माणसं भजनी मंडळात जातात किंवा पतसंस्थेच्या निवडणुकीला उभी राहतात. दाजींनी गोव्याला जाऊन शिडाची बोट चालवण्याचा छोटासा वर्ग केला आणि तिथून आल्यापासून डाव्या हाताला ‘पोर्ट’ म्हणू लागले. ताई वैतागली होती. “पोर्टाला चटणी वाढा म्हणतात,” ती मला फोनवर म्हणाली. “डावं म्हणायला काय तोंड दुखतंय?”

पुढची पायरी म्हणून दाजींनी एक शिडाची बोट तिच्या कप्तानासकट भाड्यानं ठरवली. रत्नागिरीहून मालवणपर्यंत बंदरं घेत जायचं. ती बंदरं निवडायची बैठक कुपवाडच्या ऑफिसात भरली आणि मला साताऱ्याहून बोलावणं आलं. घरात पुस्तकं असलेला एक माणूस बैठकीला असावा असं दाजींना वाटतं. त्यानं बोलावं असं वाटत नाही.

टेबलावर किनाऱ्याचा नकाशा पसरला होता आणि तो उडू नये म्हणून त्यावर पंपाचे ओतीव तुकडे ठेवले होते. दाजींचे दोन मित्र आले होते. एक शिराळ्याकडचे, साखर कारखान्याचे माजी संचालक. त्यांना सगळे चेअरमन म्हणतात. ते कधीही चेअरमन नव्हते, पण एवढ्या कारणासाठी कोण कुणाला दुखावतो? दुसरे म्हसवडचे निवृत्त सुभेदार. त्यांची बरीच नोकरी राजस्थानच्या वाळवंटात चिलखती गाड्यांवर गेली होती, त्यामुळे वाहतुकीच्या प्रश्नात त्यांचं मत घ्यायचं असा रिवाज पडला होता.

बंदराची पहिली कसोटी अशी ठरली की स्कॉर्पिओ धक्क्यापर्यंत आली पाहिजे. बोट समुद्रातून जाणार आणि आचारी, पातेली व मटण रस्त्यानं तिच्या मागं येणार. दुसरी कसोटी, तिथं सत्कार करणारं कोणी आहे का.

ताई चहा घेऊन आली ती तिथंच उभी राहिली. “आवं, पूर्णगड घ्या,” ती दाजींना म्हणाली. “काकू हायत तवर जाऊन येऊ.”

लग्नाआधी ताई दोन वर्षं पूर्णगडच्या शाळेत शिकवायला होती. खाडीच्या तोंडावरचं लहानसं बंदर. ज्या काकूंकडं ती खोली घेऊन राहिली, त्यांच्या ओटीवरून होड्या आत येताना दिसायच्या. आपणही एकदा तसं समुद्रातून आत यावं, हे ताईच्या मनात तेव्हापासून होतं. काकू होडीत बसू देत नसत. “तुझ्या बापानं माझ्या भरवशावर ठेवलंय तुला. लग्न कर, मग नवऱ्याबरोबर बस बोटीत.” आता काकू नव्वदीला आल्या होत्या आणि त्या हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. नजर तेवढी शाबूत आहे, असं त्यांची नात फोनवर सांगायची.

“तितं आपलं कोण हाय, वयनी?” चेअरमननी विचारलं.

“काकू.”

“तसं न्हाई. सत्काराला कोण?”

“कोणी न्हाई.”

“मग थांबून करायचं काय?” असं म्हणून त्यांनी हातातला पंपाचा तुकडा नेमका पूर्णगडावर ठेवला.

दाजी नकाशाकडं बघत राहिले. बायकोची बाजू घ्यायची वेळ आली की त्यांचं वाचन एकदम वाढतं.

मग क्रम ठरला, आणि तो भूगोलानं ठरवला नाही. चेअरमनची मुलगी देवगडला दिली आहे, सासरी हापूसच्या बागा आहेत. व्याह्यांचा मान पहिला. त्यानंतर विजयदुर्गला सुभेदारांच्या पलटणीतल्या साथीदाराचा. मग मालवण. विजयदुर्ग देवगडच्या अलीकडं आहे, म्हणजे त्याच्यासमोरून पुढं जायचं, देवगड गाठायचं आणि परत मागं यायचं, हे मी सांगून पाहिलं.

“आमच्या गावात पालखी देवळातनं निघाली की पार टोकाच्या मानकऱ्याच्या दारात जाती,” चेअरमन म्हणाले. “वाटंतली घरं आरती घिऊन उभी असत्यात, पर पालखी थांबत न्हाई. मागारी फिरून त्यांच्याकडं येती. कुणी तक्रार केली न्हाई आजवर.”

“रिव्हर्स तर घ्यायचाय,” सुभेदार म्हणाले.

दाजींनी कप्तानाला फोन लावून आवाज मोठा केला. देवगडहून उलटं यायचं तर वारा तोंडावर येईल, शीड गुंडाळून इंजिनावर यावं लागेल, असं कप्तान म्हणाला. “चालंल की,” दाजी म्हणाले, “शीड फोटोपुरतं वर करू.” पण कप्तानाचं बोलणं संपलं नव्हतं. रत्नागिरीला ओळखीच्या पतसंस्थेनं ठेवलेला निरोप समारंभ आटपेपर्यंत दुपार होणार. एका दमात देवगड होणार नाही. मधे एक मुक्काम करावाच लागेल.

व्याह्यांच्या आधी दुसरीकडं मुक्काम म्हणजे पहिला मान गेला. लेक दिलेल्या घराशी असा खेळ करायची चेअरमनची छाती नव्हती.

ताई कपबशा गोळा करत होती. “भावजी, पालखी वाटंत खांदा बदलायला थांबतीच की,” ती चेअरमनना म्हणाली. “त्यो काय मान झाला व्हय?”

“न्हाई. त्यो कसला मान?”

“मग जितं आपलं कोणी न्हाई, तितं थांबलं तर मोजायचं न्हाई.”

चेअरमननी पंपाचा तुकडा पूर्णगडावरून उचलला.

ठरलेल्या दिवशी रत्नागिरीची भाषणं ऐकून आम्ही निघालो. पूर्णगडच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे, भरती चढल्याशिवाय बोट आत जात नाही. तेव्हा बाहेर थांबलो. सुभेदार आडवे झाले होते आणि राजस्थानची आठवण काढत होते. “लोकांनी आमची वाट बघायची,” चेअरमन पुटपुटले, “तर आमीच पाण्याची बघतोय.”

पाणी चढलं. ताईनं सांगितलं म्हणून कप्तानानं शीड उभारलं आणि मागून येणाऱ्या वाऱ्यावर आम्ही आत गेलो. ताई पुढं दोरी धरून उभी होती. धक्क्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या, डोळ्यांवर हात धरून.

पण धक्क्यावर आणखीही माणसं होती. स्कॉर्पिओचा ड्रायव्हर आधी पोचला होता आणि चेअरमन येताहेत असं त्यानं चहाच्या टपरीवर सांगून ठेवलं होतं. गावकऱ्यांनी भल्या मनानं शाल आणि नारळ आणला. आलेली शाल परत करायची सवय चेअरमनना नाही. त्यांनी ती घेतली, नारळ दाजींकडं सरकवला, घाट आणि कोकण यांच्या नात्यावर बोलले आणि सुभेदारांनी काढलेला फोटो स्वतःच्या हातानं स्टेटसला लावला.

“ह्यातला तुझा नवरा कोणता?” काकूंनी ताईला विचारलं.

“त्यो. नारळ धरलाय त्यो.”

“असू दे,” काकू म्हणाल्या.

ऊन उतरायच्या आत व्याह्यांचा फोन आला. “आधी पूर्णगड, मग आम्ही. बरं आहे,” एवढंच बोलून त्यांनी ठेवला. पुन्हा लावला तर बंद. चेअरमनचा चेहरा उतरला. तिघेही उजेडातच स्कॉर्पिओनं देवगडला धावले. दाजी, ‘मिटवामिटवीला’ म्हणून. मटणही गेलं. राहिलो मी आणि ताई, काकूंकडं पेज आणि सुका बांगडा खाऊन.

सकाळी दाजींचा फोन आला. व्याही बागेत जाऊन बसले होते, घरात येत नव्हते. बोट देवगडला आणा, शीड बघून कदाचित विरघळतील.

“येतो की, सावकाश,” ताई म्हणाली.

धक्क्यावर काकू काठी घेऊन, नऊवारी खोचून तयार होत्या. कप्तानानं विचारलं, आता कुठलं बंदर घ्यायचं.

“बाहेर जायचं,” ताई म्हणाली, “आणि परत पूर्णगडला यायचं.”

“आणि त्यानंतर?”

ताईनं काकूंकडं पाहिलं.

“त्यानंतरचं त्यानंतर,” काकू म्हणाल्या. “आधी मला नीट धरून बसव.”