पाळण्यातला भोकाचा पैसा

आमच्या थोरल्या मुलीच्या बारशाला पाळण्यातून वरवंटा पडला आणि त्याला मी कारण होतो.

वरवंटा पाळण्यात काय करत होता, असं विचारणारे लोक बारशाला नुसत्या घुगऱ्या खायला जात असावेत. आमच्याकडे बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात, त्याला झोका देतात आणि मग बाळाची पाळी येते. ही चाल कुणी पाडली मला ठाऊक नाही, पण त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

वीस पैशांची पिवळी नाणी नुकतीच निघाली होती आणि त्यात सोनं आहे म्हणून लोक ती डब्यात लपवून ठेवत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी जळगावला एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि रविवारी सकाळी घरी नाणी शिकवायचो. माझा हा नाद तसा नवाच, पण माझ्याकडे येणाऱ्यांचा त्याहून नवा, त्यामुळे मी गुरू ठरलो. (वासरात लंगडी गाय शहाणी!) या मंडळींना एकच वेड होतं, टाकसाळीत चुकून वेडंवाकडं छापलेलं नाणं मिळवायचं. अशा नाण्याला किंमत येते असं मीच त्यांना सांगून बसलो होतो.

त्यात कापड दुकानवाले शांतिलालभाऊ सगळ्यांत उत्साही. ते दर रविवारी काहीतरी मोडकं घेऊन यायचे. एकदा रुळावर चपटं झालेलं नाणं आणलं, एकदा सोनाराने कडी लावून पुन्हा काढलेला राणीछाप रुपया आणला. मी भिंगातून बघायचो आणि टाकसाळीला निर्दोष सोडायचो. नियम साधा होता. चूक नाण्याच्या जन्मापासूनची असेल तर ती टाकसाळीची. नंतर कुणी ठोकलं, घासलं, वापरून झिजवलं, तर ती नुसती मोडतोड, तिला काडीची किंमत नाही. आणि दुसरा नियम, नाणं कधीही घासून स्वच्छ करायचं नाही, त्याचं जुनेपण जातं.

शेवटी शांतिलालभाऊ कंटाळले. म्हणाले, "मास्तर, आमचं सगळं खोटं, कबूल. पण तुमच्याकडे एक तरी खरी चूक आहे का?"

नव्हती. हे मला फार लागलं. चारचौघांत ज्या गोष्टीवर मी तासभर बोलतो ती मी डोळ्यांनी बघितलेली नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. पुढच्या खेपेला खरी चूक हातावर ठेवीन, असं मी तावातावाने सांगून टाकलं आणि बारशासाठी आईला घेऊन शिंदखेड्याला सासुरवाडीला गेलो.

सासुरवाडीत जावयाला काम नसतं. उठलो की पाट, बसलो की तक्क्या, आणि पाणी प्यायला उठलो तर तीन माणसं तांब्या घेऊन धावायची. बारशाच्या आदल्या दुपारी मी पडवीत सतरंजीवर आडवा झालो होतो. डोक्यावर रिकामा पाळणा टांगलेला. बायका आत घुगऱ्यांचे हरभरे निवडत होत्या. मी उगाच वर बघत होतो, आणि पाळण्याच्या तळाशी मला तो दिसला.

भोकाचा पैसा! इंग्रजांच्या शेवटच्या दिवसांतला, मधे मोठं भोक असलेला तांब्याचा पैसा. लोक तो लहान पोरांच्या करगोट्यात बांधत, नाहीतर नटाखाली वायसर म्हणून वापरत. पाळण्याच्या चार कोपऱ्यांत चार साखळ्यांचे बोल्ट फळीतून खाली येत होते, आणि एका कोपऱ्यात नट आणि फळी यांच्यामध्ये हा पैसा बसवलेला होता. पण नटाच्या कडेने डोकावणारं त्याचं भोक मध्यावर नव्हतं. एका बाजूला सरकलेलं होतं! मी धडपडत उठलो. ज्याच्यावर मी तासभर व्याख्यानं देत होतो ते माझ्या बायकोच्या माहेरी तेल पीत लटकत होतं.

आता सरळ माणसाने आबांना, म्हणजे सासऱ्यांना, विचारलं असतं. मीही विचारणार होतो. पण जावयाने बारशाच्या तोंडावर सासऱ्यांकडे वस्तू मागणं म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या जावयालाच कळेल. मी एक पैसा मागितला असता, तर आबांनी त्याचा अर्थ लावायला घरातली वडीलधारी माणसं बसवली असती. जवाईबापू रुसले, आहेर कमी पडला, घड्याळ हवं होतं, असं ठरून संध्याकाळपर्यंत धुळ्याला माणूस गेला असता. त्यापेक्षा न बोललेलं बरं, असं मला वाटलं. मी नट फिरवला, पैसा काढला, त्या जागी उदबत्तीच्या पुड्याचा पुठ्ठा दुमडून घातला आणि नट पुन्हा आवळला. पैशावर तेलाचा आणि धुळीचा जाड थर होता. नियमाप्रमाणे तो मी अजिबात घासला नाही. मऊ रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि रात्री छान झोपलो.

दुसऱ्या दिवशी पडवी बायकांनी भरली. माझी बायको सुशीला बाळाला मांडीवर घेऊन पाटावर बसली होती. आबांची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, तिने वरवंट्याला कुंची घातली, काजळाचं बोट लावलं आणि त्याला पाळण्यात ठेवलं. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. पहिला झोका गेला. दुसरा गेला. तिसऱ्या झोक्याला पुठ्ठ्याने जीव सोडला. लाकडातलं भोक वर्षानुवर्षं झिजून मोठं झालेलं, त्यातून नट सुळकन वर गेला, पाळण्याचा एक कोपरा खाली आला आणि कुंचीसकट वरवंटा घुगऱ्यांच्या परातीत पडला. घुगऱ्या चौफेर उडाल्या. आबांच्या फेट्यात काही राहिल्या त्या रात्रीपर्यंत तिथेच होत्या.

सुशीलाने बाळाला घट्ट धरलं. मी तिच्या हातांकडे बघितलं. वरवंट्याच्या पाठोपाठ माझी मुलगीच त्यात जाणार होती.

आबा वाकले, पाळण्याखालून फाटका पुठ्ठा काढला आणि सगळ्यांना दाखवला.

"आठे मना पैसा व्हता. तो कोठे गया?"

मागच्या महिन्यात पाळण्याला रंग देऊन गेलेल्या सुताराचं नाव निघालं. आबांनी त्याला बोलवायला माणूस पाठवला. आबांचा राग साऱ्या शिंदखेड्याला माहीत होता. मला दरदरून घाम फुटला. घाम पुसायला मी खिशातून रुमाल काढला.

पैसा फरशीवर पडला, खणखणला, एक मोठी गिरकी घेऊन आबांच्या पायाशी गेला आणि तिथे आडवा झाला.

पडवीत एवढी शांतता मी वर्गात कधी मिळवू शकलो नव्हतो. काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी जे येत होतं ते बोललो. टाकसाळ, जन्माची चूक, वापराची मोडतोड, किंमत, सगळं. बायका माना डोलवत होत्या. माझ्या अंगात थोडी धुगधुगी आली. तेवढ्यात अक्काने पैसा उचलला आणि चिंचेच्या कोळात घालून घासायला घेतला. मी म्हणालो, घासू नका, त्याचं जुनेपण जातं. अक्का म्हणाली, खाले पडेल शे, धोवाले नको का?

पैसा लख्ख निघाला. भोक गोल नव्हतंच, लांबट होतं. एका बाजूची कड बोल्टने घासून घासून सुरीच्या धारेसारखी पातळ आणि चकचकीत झाली होती. माझ्याकडे महिनाभर आलेल्या कोणत्याही नवशिक्याने ते एका नजरेत ओळखलं असतं.

"सुशीना जनमले मी सोता लायेल शे तो," आबा म्हणाले. "बठ्ठा पोरं याच पाळणामा वाढनात. आठ पोरंस्ना झोका खायेल पैसा शे."

म्हणजे सुशीलाच्या जन्मापासून आठ पोरांच्या झोक्यांनी झिजलेलं भोक, टाकसाळीची चूक नाही. मोडतोडच, आणि तीही माझ्या बायकोपासून सुरू झालेली. आबांनी पैसा पुन्हा जागेवर बसवला, नट स्वतः आवळला, पाळण्यात दोन्ही हातांनी भार देऊन बघितला आणि मग माझ्या मुलीचं बारसं झालं. सुताराला घुगऱ्या देऊन परत पाठवलं. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही, याचाच मला जास्त त्रास होत होता.

जेवणं झाल्यावर आबा पान लावत माझ्या आईकडे वळले. आवाजात राग अजिबात नव्हता.

"विहीणबाई, एक इचारू का? जवाईबापू जनमपासूनच असा शेतस, का आमना घर यीसन व्हयनात?"

आई खोटं बोलत नसे. आणि व्याह्यांच्या घरावर बोल येऊ देणारीही ती नव्हती.

"नाही हो आबा," ती म्हणाली, "तुमच्याकडे काही बिघडलं नाही. हा आमच्याकडूनच असा निघालाय."

पुढच्या रविवारी शांतिलालभाऊ सगळ्यांच्या आधी येऊन बसले. चपला काढायच्या आतच त्यांनी विचारलं, "मास्तर, मिळाली का अस्सल टाकसाळीची चूक?"

मी म्हटलं, मिळाली भाऊ. समोरच बसलीय. भिंग घ्या आणि नीट बघून ठेवा, पण घासू नका.