तेल लावलेली तांबडी

कसालच्या बाजारात मी जन्मात पहिल्यांदाच गाय घ्यायला गेलो, तेव्हा गाभण कुठली नि भाकड कुठली, हेही मला धड कळत नव्हतं. बायको नुकतीच बाळंत झालेली, तान्ह्याला दूध पुरत नव्हतं, त्यामुळे गाय निवडण्यात चुकून चालणार नव्हतं. आणि मी भाळलो एका तांबडीवर! कपाळावर चांद, अंग असं चकाकणारं की तिच्यात बघून भांग पाडावा.

मी हो म्हणणार, इतक्यात गुडघ्याएवढा पंचा नेसलेला एक म्हातारा पुढे आला. त्याने तिच्या केसांतून उलटा हात फिरवला आणि तळवा माझ्या नाकाशी धरला. खोबरेल! मग मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी राहिली. शेजारच्या, शेणाने माखलेल्या काळीची मात्र चटकन बसली.

"झिला, मालक खोटा बोलात, कातडा बोलूचा नाय. काळी घे." मग तो तांबडीच्या मालकाकडे वळला. "तेल भायरसून लावन काय होतला रे? पोटात पेंड घाल!"

काळी आणि तिचं वासरू घेऊन निघताना मी मागे पाहिलं, तर तांबडीचं दावं म्हाताऱ्याच्याच हातात! काळी दुधाला उत्तम निघाली, तरी म्हाताऱ्याने तांबडी स्वतःसाठीच माझ्या हातून सोडवली, हा संशय काही जाईना.

वर्षाने तो म्हातारा धामापूरच्या तळ्याकाठी दिसला. पुढे तांबडी चकाकत होती, मागे तिचं वासरू. मी धावत जाऊन तिच्या पाठीवर हात फिरवला आणि तळवा हुंगला. नुसता गाईचा वास, खोबरेलाचा मागमूस नाही.

म्हातारा खदखदून हसला. "आता हुंगतंस? तेवा हुंगूक होया होता!"