पत्र्याच्या शेडमधल्या नोंदी

“पोरी, तू तर शिकलीस, नेटवर्कचंच काम करतीस. मग माझा फोन का न्हाई लागला?” मित्रमैत्रिणींनो, हे मला आज दत्ताकाकांनी विचारलं.

आज दुपारी पप्पांचा डबा द्यायला चिखलीच्या वर्कशॉपवर गेले होते. त्यांच्यासोबत काम करणारे दत्ताकाका जेवायला शेडबाहेर आले आणि फोन वाजला. गावी त्यांची आई सकाळीच वारली होती. शेवटी ती त्यांचा आवाज ऐकायचा म्हणत होती. त्यांचा भाऊ तेव्हापासून फोन लावत होता, पण पत्र्याच्या शेडमध्ये तो लागतच नव्हता.

तळवड्याच्या आमच्या ऑफिसात गोंगाटात हरवलेला मोबाइलचा क्षीण सिग्नल ओळखायची नवी पद्धत तपासतात. पत्र्याच्या शेडमध्ये घेतलेल्या सिग्नलच्या नोंदींनी या पद्धतीचा निकाल बिघडतो, म्हणून मीच त्या वगळल्या होत्या.

ऑफिसात परतून त्या सगळ्या पुन्हा घातल्या. बिघडलेला निकाल माझ्या नावानं सरांना पाठवून दिलाय.