शेजारणीच्या कपाटातली तलवार

"चोर! धडधडीत चोर आहे हा मेला!"

आत्या अशी ओरडली की रावपुऱ्याच्या टॉवरवरचं घड्याळ दचकून दोन मिनिटं पुढं गेलं, आणि माझं ऐकाल तर आजही ते पुढंच आहे. खाली एका रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला. समोरच्या काकी हातातलं लाटणं घेऊनच गॅलरीत आल्या. "शुं थयुं? चोर आव्यो?"

चोर आमच्या टीव्हीत होता. डोक्याला फेटा, अक्कडबाज मिशा, कमरेला झोळी. तो माझा नायक होता, मी घडवलेला. मिशीच्या एकेका केसावर मी इतकी मेहनत घेतली होती की तेवढ्यात दुसरं कुणी लग्न करून मोकळं झालं असतं. आणि आत्यानं पहिल्या पाच मिनिटांत त्याला चोर ठरवून रिमोट सोफ्यावर आपटला होता.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नागरवाड्यात राहते. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. निवृत्तीनंतर विद्यार्थिनी हाताशी राहिल्या नाहीत, म्हणून सबंध बडोद्याला शिस्त लावते. अशा बाईला मी माझा व्हिडिओ गेम का खेळायला दिला? मी नाही दिला, बाबांनी दिला.

बाबा रिफायनरीतून रिटायर झालेले. त्यांच्या मते कामं दोनच प्रकारची: भोंगा वाजला की ज्यातून सुट्टी होते ती, आणि बाकीचे सगळे चाळे. मी सयाजीगंजातली नोकरी सोडली, तिथं मी दुसऱ्यांच्या वेबसाइटवरची बटणं रंगवत असे, आणि घरी बसून गेम बनवायला लागले. बाबांनी गुपचूप मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकला. सोमवारी भेटायला जायचं. मी घर डोक्यावर घेतलं. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ठीक. ताईनं तुझा खेळ शेवटपर्यंत खेळला, तर वर्षभर नोकरीचं नाव काढणार नाही. ती मध्येच उठली, तर तू मकरपुऱ्याला."

नर्मदेपासून साबरमतीपर्यंत माझ्या खेळाला याहून वाईट गिऱ्हाईक मिळालं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण मी त्याआधी आयुष्यात एकही गेम बनवलेला नव्हता, त्यामुळे माझा आत्मविश्वास अगदी कोरा करकरीत होता. मी म्हटलं, आणा तुमच्या ताईंना.

खेळ होता रोल-प्लेइंग जातीचा. म्हणजे खेळणाऱ्यानं नायक व्हायचं, गावात हिंडायचं, लोकांशी बोलायचं, वस्तू मिळवायच्या आणि शेवटी मोठ्या संकटाशी दोन हात करायचे. माझं गाव हुबेहूब नागरवाडा होतं, फक्त गाई कमी. संकट म्हणजे विश्वामित्रीतली एक मगर, जी गावाच्या एकुलत्या एक पुलावर आडवी पसरली होती. तिला मारायला तलवार हवी, आणि तलवार होती शेजारणीच्या घरी, कपाटात.

इथंच आत्या पेटली होती.

"घरात बाई पाठमोरी पोळ्या करतेय, आणि हा सरळ तिच्या कपाटाला हात घालतो?"

"आत्या, सगळ्या गेममध्ये असंच असतं. कुणाच्याही घरात शिरायचं, मिळेल ते उचलायचं. कोणी काही म्हणत नाही."

"मग ती सगळी गेमं चोरांची. आमच्याकडे चालणार नाही."

"मग तलवार मिळणार कशी?"

"मागायची! तोंड दिलंयस ना त्याला, की नुसत्याच मिशा?"

तोंड दिलं होतं. शेजारणीलाही दिलं होतं. पण त्या तोंडात मी एकच वाक्य घातलं होतं: 'गावावर मोठं संकट आलं आहे!' आत्यानं तिच्याशी बोलायचं बटण दाबलं, दाबलं, पुन्हा दाबलं. बाई दर वेळी तेच. आत्या माझ्याकडे वळली. "ही बाई बरी आहे ना? डॉक्टरला दाखवलं का?"

बाबांनी पेपरची घडी घातली. "उठलीस ना ताई? मग झालं तर."

"मी कुठं उठले?" आत्या गरजली. "मी थांबलेय. हिनं आधी त्या मिशाळाला रीत शिकवावी, मग पुढं खेळते."

आत्याच्या निकालावर अपील नसतं. मला पुढचा रविवार मिळाला आणि मकरपुऱ्याला आठवडाभर उशिराचा निरोप गेला.

रीत शिकव म्हणणं सोपं. सोमवारी मी शेजारणीला दहा वाक्यं दिली. मंगळवारी स्वतः खेळून बघितलं आणि स्वतःच जांभया दिल्या. तलवार मागितली, तिनं दिली, संपलं. आत्या आपण होऊन उठली नसती, झोपून पडली असती.

बुधवारी दुपारी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर आई ओट्यापाशी उभी. पुढ्यात एक स्टीलची वाटी. समोरच्या काकींनी त्यातून हांडवो पाठवला होता. तो खाऊन झाला, वाटी घासून झाली, आणि आई त्या वाटीकडे तोफेच्या तोंडाकडे बघावं तशी बघत होती.

"देऊन टाक ना," मी म्हटलं.

"रिकामी कशी देऊ? साखरांबा करायचा म्हटलं तर आंबे हवेत. आंबे आणायला बाजारात जायला हवं. जाता जाता वरच्यांचा डबाही द्यायचाय, त्यात काय घालू?"

मी पाण्याचा ग्लास तसाच ठेवून पळाले. आईला दुपारच्या उन्हात घराबाहेर काढायची ताकद मगरीत नव्हती, राक्षसात नव्हती. ती त्या वाटीत होती. माणसाला पुढं जायला काय लागतं यावर लोक जाडजाड पुस्तकं लिहितात म्हणे. मला ते आमच्या ओट्यावर सापडलं.

मग मी गावात वाट्या सोडल्या. शेजारीण तलवार उसनी देते, सोबत वाटीभर चिवडा. वाटी परत करायची, तर तीत काहीतरी घालून. त्यासाठी दुसऱ्या दारी जायचं. तिथली बाई विचारते, "कोण रे तू? कुणाचा?" मग आत बोलावते, बसवते, चहा टाकते, वाटी घेते, आत जाते आणि आपल्या वाटीत काहीतरी घेऊन बाहेर येते. म्हणजे आता तिचीही वाटी डोक्यावर. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं.

एक बाई नीट जमल्यावर बाकीच्या नव्यानं लिहायला वेळ कुणाला? मी तिचाच कोड कॉपी करून गावभर चिकटवला. शिंप्याला, पुजाऱ्याला, पाणपोईवाल्याला. फक्त चेहरे वेगळे. शनिवारी तर मी इतक्या वेगानं चिकटवत होते की लॅपटॉपवर पापड भाजून निघाला असता.

रविवारी आत्या आली. रिक्षावाल्याला सुट्ट्या पैशांवर भाषण देऊन, चप्पल काढून, रिमोट घेऊन बसली. पहिल्या दारात तिनं थांबून विचारलं, उत्तर मिळालं, तलवार मिळाली. चिवड्याची वाटी मिळाल्यावर ती फक्त "हं" म्हणाली. आमच्या घराण्यात ही टाळ्यांच्या कडकडाटाची जागा.

त्यानंतर तिनं गाव पिंजून काढलं. शिंप्याला शिरा, पुजाऱ्याला लाडू. आई स्वयंपाकघरातून ओरडत होती, "पाणपोईवाल्याची वाटी आधी द्या, तो लांब राहतो!" पेपर उलटा धरून बाबा वाचत होते. चहा झाला, जेवण झालं, आत्या जागची हलली नाही. शेवटी नायक पुलावर पोचला. झोळीत शिऱ्याची एक वाटी शिल्लक, कमरेला तलवार, पुढं मगर.

"लाल बटण दाब!" मी ओरडले. "वार कर!"

"थांब. काय म्हणतेय ती, ऐकू तरी दे." आत्यानं बोलायचं बटण दाबलं.

मगरीनं जबडा उघडला. "कोण रे तू? कुणाचा?"

शनिवारच्या घाईत मी मगरीलाही तोच कोड चिकटवला होता.

"आत ये," मगर म्हणाली. "बस. चहा टाकते."

मी बाबांकडे बघितलं. पेपर खाली आला होता. आता ते हसणार, आत्या उठणार आणि मी मकरपुऱ्याला जाणार. पण आत्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिनं मगरीला शिऱ्याची वाटी दिली. मगरीनं ती घेतली आणि 'आत' जायला निघाली. तिचं घर नदीत, म्हणून ती वळली, सरपटत पुलावरून उतरली आणि पाण्यात गेली. थोड्या वेळानं काठावर आली, सुखडीच्या वड्यांची वाटी नायकाच्या हातात ठेवली आणि तिथंच ऊन खात पडली.

पूल मोकळा झाला. आत्यानं नायकाला पलीकडे नेलं. पडद्यावर आलं: 'गाव संकटातून सुटलं.' तलवार म्यानातून बाहेरही आली नव्हती.

"एवढ्यासाठी मारामारी करणार होतीस," आत्या म्हणाली, रिमोट ठेवला आणि चप्पल घालून निघाली. जिन्यावरून आवाज आला, "त्याच्या मिशा कमी कर!"

मगरीचं ते सगळं मी आधीपासून ठरवलेलं होतं, असं मी आज सर्वांना सांगते, आणि एकानंही अजून शंका घेतलेली नाही.

त्या दुपारी मात्र मी छाती काढून बाबांसमोर उभी राहिले. खेळ संपला तरी गावात हिंडता येत होतं. बाबांनी रिमोट उचलला होता आणि नायकाला पुलावरून मागं फिरवलं होतं.

"मग बाबा? उद्याचं मकरपुऱ्याचं काय?"

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"मगरीची वाटी परत द्यायची राहिलीय."